रबरी रोबोंचा एक मिश्र गठ्ठा: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४, टोकियो

गठ्ठा ताब्यात आला. निव्वळ वजन २.८ किलो, मोजून ४३० नग. सगळे जपानी 'केशी', म्हणजे खोडरबर म्हणून विकली गेलेली छोटी रबरी खेळणी. या खेळण्यांनी पेन्सिल नीट खोडली जात नाही, आणि हे खरे रबरही नाही. हे मऊ पीव्हीसी आहे. पुढची सगळी कामे या एका गोष्टीवर ठरतात: धुणे, ठेवणे, ओळखणे, खोटा नग पकडणे.

विक्रेत्याच्या वर्णनात दोन शब्द होते. 'मातोमे' म्हणजे एकगठ्ठा आणि 'तोजिमोनो' म्हणजे त्या काळातला मूळ माल. पहिल्या शब्दाला पुरावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. जपानी लिलावांमध्ये 'तोजिमोनो' सर्रास लिहिलेले असते आणि खाली 'नो क्लेम, नो रिटर्न'ही असते. अशा मालावर बोली लावण्याआधी पाठीचे फोटो मागावेत, कारण हक्कांच्या खुणा पाठीवर कोरलेल्या असतात. विक्रेता फक्त चेहऱ्याचे फोटो देत असेल तर किंमत मिश्र, न ओळखलेल्या मालाची धरावी, त्याहून एक येनही जास्त नको.

उद्दिष्ट: प्रत्येक रोबोची साच्यानुसार नोंद. रंगानुसार नाही. या छंदातली बहुतेक यादी रंगावर चालते, 'निळा मिळाला, पिवळा राहिला' अशी. पण एकाच साच्यातून कित्येक रंग निघतात आणि रंग उन्हाने, तेलाने, शेजारच्या नगाने बदलतो. साचा बदलत नाही.

७ एप्रिल

पहिली विभागणी, न धुता. धुण्याआधी विभागणीच करावी, कारण गठ्ठ्यातला नगांचा शेजार हाही पुरावा असतो. जे नग एकमेकांना चिकटून आले ते बहुधा वर्षानुवर्षे एकाच डब्यात होते, एकाच मुलाचे होते.

एस. डी. गंडम, म्हणजे 'गंडम' या जपानी ॲनिमेशन मालिकांतले रोबो, पण मोठे डोके आणि आखूड हातपाय असलेले: २६१. नेहमीच्या प्रमाणातले रोबो: ५८. सत्तरच्या दशकातल्या मालिकांचे रोबो: ३७. किन्निकुमानचे नग: २९. कुठलीच खूण न सापडलेले: ४५.

किन्निकुमान ही कुस्तीची मालिका, पण तिच्यातला वॉर्झमन हा रोबो-पैलवान असल्याने असे नग रोबोंच्या गठ्ठ्यात नेहमी येतात. बांदाई या खेळणी कंपनीने १९८३ पासून काढलेल्या किन्निकुमानच्या केशींचा मूळ संच ४१८ आकृत्यांचा मानला जातो. त्यांच्या याद्या इतक्या पक्क्या आहेत की इथे वेळ घालवायची गरज नाही. २९ नग वेगळ्या डब्यात, विषय संपला.

रोबोंचे तसे नाही. एस. डी. गंडमच्या याद्या चांगल्या आहेत. पण सत्तरच्या दशकातले आणि ऐंशीच्या सुरुवातीचे रोबो अनेक छोट्या उत्पादकांनी, कधी परवान्याने आणि कधी परवान्याशिवाय काढले. खरी दुर्मिळता त्या ३७, ५८ आणि ४५ नगांत आहे.

१३ एप्रिल

धुण्याची पद्धत ठरवली, आधी दहा तुटक्या नगांवर पाहून.

कोमट पाणी, ३५ अंशांच्या आसपास. एक लिटरला भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचे चार-पाच थेंब. मऊ केसांचा लहान मुलांचा टूथब्रश, प्रत्येक नगाला अर्धा मिनिट, खाचांमध्ये गोल फिरवून. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणे. सुती कापडावर सावलीत वाळवणे, किमान एक रात्र. तळव्यांच्या आणि काखेच्या खाचांत पाणी राहते, म्हणून सकाळी सगळे नग उलटे करून पुन्हा चार तास.

वापरू नये ते: ॲसिटोन आणि थिनर पीव्हीसी फुगवतात, पृष्ठभाग मऊ होऊन बोटाचा ठसा कायमचा उमटतो. मेलामाइनचा पांढरा 'जादूई' स्पंज हा खरे तर बारीक पॉलिश कागदच. त्याने मळ निघतो आणि सोबत मूळ मंदपणाही जातो, मग घासलेली जागा तिरक्या उजेडात चकाकते. अल्कोहोल फक्त कापसाच्या काडीवर, एखाद्या डागापुरते, तेही रंग न लावलेल्या जागी.

टाल्कम पावडर अनेक जण सुचवतात. तिने चिकटपणा जात नाही, झाकला जातो. वर पावडर कोरीव खुणांत बसते आणि नेमकी तीच अक्षरे वाचायची असतात.

२० एप्रिल

२६१ एस. डी. नग धुऊन झाले. त्यांतले साधारण साठ अजून चिकट. याचे कारण मळ नाही. मऊ पीव्हीसीमध्ये त्याला लवचीक ठेवणारे तेल मिसळलेले असते, प्लॅस्टिसायझर. चाळीस वर्षांत ते हळूहळू पृष्ठभागावर येते. धुतले की तात्पुरते जाते, काही आठवड्यांनी परत येते. प्रत्येक धुण्यात थोडे तेल कायमचे जाते आणि नग तेवढा कडक होतो, आकसतो. म्हणून नियम: धुणे एकदाच. नंतर चिकटपणा आला तर कोरड्या सुती कापडाने टिपणे, बस.

हेच तेल पॉलिस्टायरीनला खाते. गठ्ठ्यासोबत एक जुनी कॅप्सूल आली, म्हणजे नाण्याच्या यंत्रातून खेळणे ज्यात बाहेर येते तो गोळा. तिचा पारदर्शक अर्धा भाग आतून वितळला आहे, आणि वितळलेल्या जागी रोबोच्या खांद्याचा आणि शिंगांचा साचा इतका स्वच्छ उमटलाय की त्यावरून नग ओळखता आला. कॅप्सूल टाकली नाही, क्रमांक देऊन ठेवली.

जपानमध्ये घरगुती प्लॅस्टिकच्या वस्तूंवर साहित्याचे नाव लेबलवर असते. शंभर येनच्या दुकानातले कडक, काचेसारखे पारदर्शक, खणाखणांचे डबे बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात. लेबलवर 'पोरिसुचिरेन' दिसले की डबा परत ठेवावा. 'पोरिपुरोपिरेन' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थोडे धुरकट आणि वाकणारे, ते चालते.

२७ एप्रिल

पाठीवरच्या खुणा वाचायचे काम सुरू. या प्रकल्पाचा गाभा हाच.

उजेड: खोलीतला मोठा दिवा बंद, एकच छोटा एलईडी टॉर्च, पृष्ठभागाशी १५ ते ३० अंशांच्या कोनात. नग फिरवायचा नाही, टॉर्च फिरवायचा. डावीकडून न दिसलेले अक्षर वरून दिसते. काळे आणि गडद निळे नग सर्वांत कठीण. त्यांच्यावर करड्या कागदाचा परावर्तित उजेड चांगला पडतो. पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या नगांवर उजेड आतून पसरतो आणि खाच पुसट होते, तिथे टॉर्च अगदी दहा अंशांवर आणावा.

स्कॅनर वापरायचा तर जुना सीसीडी प्रकारचा. पातळ, यूएसबीवर चालणारे सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेला भागच स्पष्ट टिपतात, दोन-तीन मिलिमीटर वर असलेली पाठ धूसर येते. ६०० डीपीआय पुरेसे.

खुणांवरून काळ काढायचे आधार:

गंडमच्या हक्कांच्या खुणेत सोत्सु आणि सनराइज या दोन कंपन्यांची नावे असतात. सनराइज १९८७ पर्यंत 'निप्पोन सनराइज' होती. त्यामुळे 'सनराइज'च्या आधी 'निप्पोन'ची दोन कांजी (चित्राक्षरे) असतील तर साचा त्या नामांतराआधी कोरलेला. सोत्सु २००७ पर्यंत 'सोत्सु एजन्सी' होती. 'एजन्सी' गायब असेल आणि फक्त 'सोत्सु' असेल तर नग बहुधा नव्या काळातली पुनरावृत्ती. माझिंगरसारख्या रोबोंवर 'तोएई दोगा' असेल तर साचा १९९८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीचे नाव 'तोएई ॲनिमेशन' झाले. 'पोपी' या खेळणी कंपनीचे चिन्ह असेल तर साचा साधारण १९८३ पर्यंतचा, कारण त्या वर्षी पोपी बांदाईत विलीन झाली.

दुसरी बाजू रोबोच्या पदार्पणाची. झेटा गंडम मालिका १९८५ ची, न्यू गंडम १९८८ च्या चित्रपटातला. त्याआधीची तारीख कोणी सांगत असेल तर ती चूक. एस. डी. हा प्रकारच मुळात बांदाईच्या 'मोकेई जोहो' या मासिकाला वाचक म्हणून चित्रे पाठवणाऱ्या योकोई कोजी यांच्या रेखाटनांतून आला आणि १९८५ मध्ये गाशापोनच्या, म्हणजे नाणे टाकून कॅप्सूल काढायच्या, यंत्रांत गेला. म्हणून मोठ्या डोक्याचा गंडम आणि १९८३ सालचा दावा, हे जुळूच शकत नाही.

एक सावधगिरी. खूण साच्याचे वय सांगते, ओतण्याचे नाही. जुन्या साच्यातून पुढेही माल निघतो. म्हणून नोंदीत 'साचा १९८७ पूर्वी' असे लिहावे, 'नग १९८६ चा' असे नाही.

१८ मे

२६१ पैकी २४४ नग ओळखले. उरलेल्या १७ जणांच्या खुणा झिजलेल्या.

झीज कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे. पाठ झिजलेले नग खिशात किंवा दप्तरात राहिलेले असावेत. पण काही नगांचे तळवे एका बाजूने गोल झालेत आणि पाठ अगदी ताजी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यावर दोन आकृत्या समोरासमोर ठेवून कडेला बोटांनी टकटक मारायची, जी पडेल ती हरली: हा तोंतोन-झुमोचा खेळ केशींनी भरपूर खेळला गेला. तळव्यांची ही झीज त्या खेळाशी जुळते. विक्रीत असा नग 'खराब' धरतात. आमच्या नोंदीत 'खेळलेला, तळवे' असा वेगळा शेरा आहे, आणि अशा नगांची किंमत कमी धरणे मला तरी पटत नाही.

एका नगाच्या तळाला कडक, पिवळसर थर. नख लावल्यावर निघत नाही. सत्तरच्या दशकातल्या सुपरकार केशींच्या पोटाला मुले गाडी घसरावी म्हणून गोंद लावत आणि बटण-पेनच्या स्प्रिंगने ती उडवत. तीच युक्ती रोबोवर केलेली दिसते. थर काढला नाही.

२५ मे

बॉलपेनची शाई. २३ नगांवर डोळे, नावे, आकडे. शाई मऊ पीव्हीसीत आत शिरते, वरून घासून जात नाही. बाहुल्या दुरुस्त करणारे यासाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मुरुमांवरचे मलम उन्हात लावून ठेवतात आणि डाग फिका होतो. पण जपानमध्ये ते मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्याहून मोठी अडचण ही की ते शाईसोबत खालचा रंगही उडवते. लाल आणि निळ्या नगांवर पांढरट वर्तुळ पडते आणि ते कायमचे. शाई आहे तशी ठेवली, फोटो काढला, शेरा लिहिला.

१ जून

वाकलेले नग सरळ करणे. तलवारी, शिंगे, पाठीवरच्या नळ्या. डब्याच्या तळाशी दबून राहिलेले एकूण ४०.

पाणी ६० अंश, थर्मामीटर लावूनच. नग चिमट्याने नाही, चहाच्या गाळणीत ठेवून बुडवावा, नाहीतर चिमट्याचे दात उमटतात. पातळ शिंगाला २० सेकंद, जाड धडाला एक मिनिट. बाहेर काढून बोटांनी हव्या त्या स्थितीच्या किंचित पुढे वाकवायचे, आणि तसेच धरून बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट. थंड होण्याआधी सोडले की नग जुन्या वाकड्या आकाराकडे परत जातो. तलवारीसाठी शीतपेयाच्या नळीचा तुकडा उभा चिरून त्यात तलवार बसवली, नळीसकट थंड केली. ४० पैकी ३४ सरळ राहिले.

उरलेले सहा कडक झालेत. तेल इतके गेलेय की गरम केल्यावरही वळत नाहीत. जोर केला तर सांध्यावर पांढरी रेघ दिसते, म्हणजे आतून फाटायला सुरुवात. तिथेच थांबावे. ८० अंशांवर नेले तर ते वळतील, पण पृष्ठभाग चमकदार होईल आणि बारीक कोरीव काम बसेल.

२३ जून

त्सुयु, म्हणजे जपानचा पावसाळा, सुरू झाला. खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर. साठवणूक याच आठवड्यात पुरी करायची.

सगळ्यांत गुंतागुंतीचा प्रश्न पिशवीचा आहे. नेहमीच्या पातळ पॉलिथिनच्या झिप पिशव्या सुरक्षित वाटतात, पण पॉलिथिन स्वतःच तेल शोषते आणि नगातून ते आणखी ओढून घेते. पिशवी आतून तेलकट दिसते ती त्यामुळेच. उघड्यावर ठेवले तर तेल हवेत जाते. पीव्हीसी जतन करणाऱ्या संग्रहालयांचा कल बंद, पण तेल न शोषणाऱ्या जागेकडे आहे: काच किंवा पॉलिएस्टर फिल्म.

आम्ही केलेली रचना अशी. उथळ पॉलिप्रॉपिलीनचा डबा. तळाला ५० मायक्रॉन पॉलिएस्टर फिल्म. त्याच फिल्मच्या पट्ट्या घडी करून उभे खण, प्रत्येक खणात एक नग. दोन नग कधीच एकमेकांना टेकू नयेत, कारण गडद नगाचा रंग फिक्या नगात उतरतो आणि तो कशानेच निघत नाही. गठ्ठ्यात एक पांढरा नग आहे ज्याच्या छातीवर शेजारच्या लाल नगाच्या मुठीचा डाग आहे, पाची बोटे मोजता येतात. वर आणखी एक फिल्म, मग झाकण. थर फक्त एक. एकावर एक ठेवले की खालचे पुन्हा वाकतात.

अतिचिकट साठ नग रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत, फिल्ममध्ये गुंडाळून. पीव्हीसी जुने होताना आम्लयुक्त वायू सोडते, म्हणून पिन, स्टेपल, धातूचे झाकण यांतले काहीही आत नको.

तापमान २० अंशांच्या जवळ, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, अंधार. टोकियोच्या ऑगस्टमध्ये पोटमाळ्यावर किंवा छताखालच्या कपाटात ठेवलेला डबा एका उन्हाळ्यात घाम फुटल्यासारखा तेलकट होतो. मुंबई-कोकणात हे जास्तच खरे. तिथे कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे.

६ जुलै

खुणा नसलेले ४५ नग. यांत तीन प्रकार निघतात: खूण झिजलेले मूळ, त्याच काळातल्या बिनपरवाना नकला ज्यांना इथे 'पाची' म्हणतात, आणि अलीकडे सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या प्रती. पाची नग आपल्या जागी अस्सल असतात, त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे आहेत. अडचण तिसऱ्या प्रकाराची.

उंची मोजली. व्हर्नियरचे जबडे मऊ नगाला दाबतात, म्हणून नग आलेख कागदासमोर उभा करून लांबून फोटो काढला आणि फोटोवर मोजले. ओतलेली प्रत मूळ नगापेक्षा लहान येते. संशयित क्रमांक आर-३९८ ची उंची ३०.९ मिमी, त्याच साच्याच्या खात्रीच्या नगाची ३१.४. पण तेल गमावलेला मूळ नगही आकसतो, त्यामुळे उंची एकटी पुरावा नाही.

म्हणून घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करायचा. नग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरायचा, तळाला किंवा बाजूला न टेकवता. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. हवेतले वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. काटा ०.०१ ग्रॅमचा लागतो. पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर खाचांतले बुडबुडे आकडा बिघडवतात.

खात्रीचा नग: ६.२० ग्रॅम, आकारमान ४.९०, घनता १.२७. आर-३९८: ५.३१ ग्रॅम, ४.८८, घनता १.०९. इतका फरक तेल जाण्याने पडत नाही. तेल पीव्हीसीपेक्षा हलके असते, ते गेले की घनता उलट वाढते. १.०५ ते १.१ हे पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचे क्षेत्र. भिंगाखाली काखेत टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडेही दिसले, इंजेक्शन साच्यातून निघालेल्या नगात ते सहसा नसतात.

४५ पैकी ३९ जणांची घनता १.२२ ते १.३३. चौघांची १.१ च्या खाली. दोघे मधले, १.१६ आणि १.१७.

१३ जुलै

मधल्या दोघांसाठी तांब्याच्या तारेची चाचणी. तार ज्योतीत लाल करून स्वच्छ करायची, नगाच्या कडेच्या जादा पापुद्र्यातून केसभर तुकडा कापून गरम तारेवर घ्यायचा, पुन्हा ज्योतीत. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावूनच, आणि फक्त पापुद्रा असेल तरच. चांगल्या नगाला कापू नये.

दोन्ही हिरवे. दोन्ही पीव्हीसी, घनता कमी असण्याचे कारण जास्त तेल. पाची म्हणून नोंदवले.

२७ जुलै

नाकानो ब्रॉडवे या टोकियोतल्या जुन्या खेळण्यांच्या दुकानांच्या संकुलात जुन्या दाइशी पाहिल्या. दाइशी म्हणजे यंत्राच्या समोर लावायचा छापील पुठ्ठा, ज्यावर त्या मालिकेतले नग दाखवलेले असतात. कुठला साचा कुठल्या मालिकेत विकला गेला याचा याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. संग्राहक दाइशीला मोल देतात ते याचसाठी. दाइशी विकत घेणे शक्य नसेल तर विक्रीच्या पानांवरचे त्यांचे फोटो साठवावेत, विक्री संपली की पान नाहीसे होते.

सत्तरच्या गटातले पाच आणि नेहमीच्या प्रमाणातले अकरा नग दाइशींवरून पक्के झाले.

३ ऑगस्ट

यादीचे रकाने अंतिम: क्रमांक, रोबो, मालिका, साचा, पाठीची खूण जशी दिसते तशी, रंग, उंची, वजन, झीज, शाई, पुरावा. 'पुरावा' हा रकाना सक्तीचा: खूण, दाइशी, घनता किंवा 'फक्त साम्य'. 'फक्त साम्य' लिहिलेल्या नगाला दुर्मिळ म्हणायचे नाही, रंग कितीही वेगळा असो.

सध्याची स्थिती: ३६१ ओळखलेले, ३६ 'फक्त साम्य', ४ आधुनिक प्रती, २९ किन्निकुमान. चार प्रती वेगळ्या डब्यात, डब्यावर ठळक अक्षरांत 'प्रत'. त्या फेकायच्या नाहीत, पुढच्या गठ्ठ्यात घनतेची तुलना करायला लागतील.

पुढचे काम: चिकट साठ नगांची फिल्म दर तीन महिन्यांनी बदलणे, पहिली बदली सप्टेंबरअखेर. बदलताना वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घेऊन त्याच यादीत लिहिणे, म्हणजे तेल किती वेगाने जातेय ते कळेल.